अठरा खुंट्यांचं वर्तुळ: दहावीच्या भूमितीसाठी घेतलेला कोड्यांचा डबा

डब्यावर 'वय १२ ते १६' असं छापलंय. मी सदुसष्ट वर्षांचा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये (कारखान्याची हत्यारं-साचे बनवायची जागा) हयात घालवून घरी बसलेला. तरी हा डबा नातीपेक्षा माझ्याच हातात जास्त असतो, अशी घरच्यांची तक्रार आहे. डबा घेतला तो नातीसाठीच. ती यंदा दहावीला आहे, आणि भूमितीचं तिसरं प्रकरण, वर्तुळ, आलं की तिचा चेहरा उतरतो. बीजगणित झरझर करते. पण वर्तुळात चार जीवा काढून एक कोन विचारला, की पेन्सिल टेकवून नुसती बसून राहते.

कॉलेज रोडवरच्या एका दुकानात हा डबा मिळाला. छापील किंमत ४९९ रुपये, घासाघीस करूनही एक रुपया कमी झाला नाही. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली दोन-तीन ठिकाणी मी बोल लावणार आहे, आणि माझ्या वाट्याला आलेला एक नग म्हणजे काही त्यांचा सगळा माल नव्हे.

आत काय निघतं ते आधी सांगतो. एमडीएफची, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी बोर्डाची, एक गोल पाटी, साधारण नऊ इंची. काठाने १८ लाकडी खुंट्या, घड्याळासारखे आकडे घातलेल्या, १८ सगळ्यात वर. मध्यभागी एक खुंटी. रंगीत रबरबँडची पुडी, ४८ कार्डं, एक प्लास्टिकचा कोनमापक आणि उत्तरांची चोपडी. कार्डावर आकृती असते, एखाद-दुसरा कोन दिलेला असतो आणि एका कोनावर लाल प्रश्नचिन्ह असतं. रबरं खुंट्यांना अडकवून ती आकृती पाटीवर उभी करायची आणि प्रश्नचिन्हाचा कोन शोधायचा. बस, एवढाच खेळ.

कल्पना कोणाची असेल ती असो, पण डोकेबाज माणसाची आहे, आणि त्याचं कारण खुंट्यांच्या संख्येत आहे. ३६० भागिले १८ म्हणजे दोन शेजारच्या खुंट्यांमध्ये २० अंशांचा कंस. पुस्तकातलं प्रमेय सांगतं की अंतर्लिखित कोनाचं, म्हणजे टोक वर्तुळावर असलेल्या कोनाचं, माप त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे त्याच्या दोन बाजूंमध्ये सापडलेल्या, कंसाच्या निम्मं असतं. म्हणजे काठावरच्या खुंटीला शिरोबिंदू धरलं, की समोरच्या कंसातलं प्रत्येक 'घर' १० अंशांचं. १८ नंबरवरून एक रबर ५ ला आणि एक ९ ला नेलं, तर मधली घरं चार, कोन ४० अंश. कोनमापक लागत नाही, सूत्र आठवावं लागत नाही, सापशिडीसारखी घरं मोजायची.

खुंट्या १२ असत्या तर घर १५ अंशांचं झालं असतं. पोरं १५ चा पाढा म्हणत अंदाजाने उत्तरं ठोकतात. २४ केल्या असत्या तर साडेसात अंश आले असते, म्हणजे भूमिती राहिली बाजूला आणि अपूर्णांकच मानगुटीवर. १८ हा आकडा बरोबर पकडलाय. एकच खोट आहे, या पाटीवर चौरस होत नाही. अठराला चाराने पूर्ण भाग जात नाही. समभुज त्रिकोण होतो, षटकोन होतो, आयत पाहिजे तेवढे होतात, पण शेजारचा आठवीतला मुलगा चौरस करायला बसला आणि अर्ध्या तासाने पाटीच चुकलीय म्हणाला. का होत नाही, हे त्याला शोधायला लावलं. ते कार्ड डब्यात नाही, असायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. आमच्या नातीला प्रमेयं पाठ होती. झोपेतून उठवून विचारलं तरी 'एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात' हे धडाधडा म्हणून दाखवायची. अडचण अशी, की आकृतीत तिला फक्त त्रिकोण दिसायचे. कोन विचारला की तो कुठल्या त्रिकोणात बसतो ते बघायचं, दोन कोन शोधायचे, १८० मधून वजा करायचे. ही सवय सातवी-आठवीपासून अंगात मुरलेली असते. वर्तुळात मात्र कोनाकडे बघून त्याच्या समोरचा कंस बघावा लागतो. नजर कोनाच्या टोकापासून दोन्ही बाजूंवरून घसरत पलीकडच्या काठावर जायला पाहिजे. वहीवरच्या आकृतीत हे होत नाही, कारण तिथे कंस म्हणजे नुसती वाकडी रेघ, त्यात मोजायला काही नसतं. पाटीवर कंसात घरं आहेत. घरं मोजायची तर कंसाकडे बघावंच लागतं. डब्याची सगळी करामत या एका गोष्टीत आहे, आणि त्यासाठी मी ४९९ रुपयांबद्दल कुरकुर करणार नाही.

पहिली दहा-बारा कार्डं बाळबोध आहेत, एका बैठकीत संपतात. मजा सुरू होते ती जीवा एकमेकींना छेदायला लागल्या की. एका कार्डावर २ ते १० आणि ५ ते १६ अशा दोन जीवा आहेत आणि त्यांच्या छेदनबिंदूपाशी प्रश्नचिन्ह. रबरं लावल्यावर कोन चक्क काटकोन दिसतो. नात म्हणाली, "आबा, काटकोन कसा येईल? यातली एकही रेघ मधल्या खुंटीवरून जात नाही." अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, एवढं डोक्यात घट्ट बसलेलं, त्यामुळे व्यासाशिवाय काटकोन म्हणजे तिला फसवणूकच वाटली. मग घरं मोजली. २ ते ५ तीन घरं, समोर १० ते १६ सहा घरं. दोन्ही कंसांची बेरीज १८० अंश, तिच्या निम्मे ९०. दुसऱ्या बाजूने मोजलं तरी ५ ते १० पाच आणि १६ ते २ चार, पुन्हा नऊच घरं. वर्तुळाच्या आत दोन जीवा छेदल्या की समोरासमोरच्या दोन्ही कंसांची बेरीज करून निम्मी करायची. पाटीच्या भाषेत, दोन्हीकडची घरं मिळवा आणि शून्य लावा.

इथून पुढे जे झालं ते डब्यात कुठेही छापलेलं नाही, आणि माझ्या मते तेच यातलं सगळ्यात मोलाचं आहे. वर्तुळाबाहेर शिरोबिंदू असला की कंसांची वजाबाकी होते: लांबच्या कंसात सात घरं, जवळच्यात तीन, तर कोन चार घरांचा, ४० अंश. पोरांना एका रांगेत दिसायला लागलं: बिंदू आत असेल तर बेरीज, बाहेर असेल तर वजाबाकी, आणि बरोबर काठावर असेल तर जवळचा कंस उरतच नाही, शून्य घरं, म्हणून एकच कंस मोजायचा. यावर नात जरा वेळ पाटीकडे बघत बसली आणि म्हणाली, "मग केंद्राजवळचा कोन पण क्रॉसच ना? दोन व्यासांचा. दोन्हीकडे सारखी घरं." अगदी तेच! समोरासमोरचे कंस सारखे, म्हणून बेरीज दुप्पट, म्हणून केंद्रीय कोन काठावरच्या कोनाच्या दुप्पट. पुस्तकात ही चार वेगळ्या ठिकाणची चार विधानं आहेत. पाटीवर तो एकच बिंदू आहे, आतून सरकत सरकत काठावर येणारा आणि मग बाहेर पडणारा. कार्डं छापणाऱ्यांनी हे एका कार्डावर द्यायला काय हरकत होती, कळत नाही. क्रम तरी नीट लावायचा. बाहेरच्या बिंदूची कार्डं शेवटी कुठेतरी टाकून दिलीत.

चांदणीचं कार्डही झकास आहे. १, ४, ८, ११, १५ या खुंट्या घ्यायच्या आणि एक सोडून एक अशा जोडायच्या. चांदणी वाकडी येते, कारण अठरा घरं पाच जणांत सारखी वाटता येत नाहीत. पाच टोकांच्या कोनांची बेरीज विचारलीय. एकेक टोक मोजलं तर ३०, ४०, ४०, ३०, ४०, बेरीज १८०. आता कुठलीही खुंटी एक घर इकडे-तिकडे सरकवा, टोकं बदलतात, बेरीज तीच. का, ते पोरांनी स्वतः सांगितलं: पाच टोकांसमोर पाच कंस, पाच कंस मिळून अख्खं वर्तुळ, त्याचं निम्मं. हे लक्षात आल्यावर शेजारच्या मुलाने सात टोकांची चांदणी केली, एक सोडून एक न जोडता दोन सोडून एक. तिचीही बेरीज १८० च. आमच्या गॅलरीत त्या दिवशी रबरांचा सडा पडला होता.

आता माझी एक भर. एकाच कंसातले कोन एकरूप असतात हे पोरं घरं मोजून मान्य करतात, पण मानणं आणि पटणं यात फरक आहे. टूलरूममध्ये गो-गेज असतो. माप मोजत बसायचं नाही, गेज बसला तर जॉब पास. तसा मी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा ४० अंशांचा एक पाचर कापला. ५ आणि ९ ला रबर ठेवून शिरोबिंदू १८ वर, पाचर बसवला, चपखल. रबर उचलून १७ वर, पुन्हा चपखल. १६, १४, मग दुसऱ्या बाजूला २, ३. रबराचा त्रिकोण इतका लोळतो, एक बाजू आखूड, दुसरी लांब होते, पण टोकात पाचर हलत नाही. मग रबर जीवेच्या पलीकडे, ७ नंबरला आणलं. पाचर आत नुसता गडगडतो, कारण आता समोरच्या कंसात चौदा घरं, कोन १४० अंशांचा. ४० आणि १४० मिळून १८०, चक्रीय चौकोनाचे (चारही टोकं वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे) समोरासमोरचे, म्हणजे संमुख, कोन. हे मी काही समजावून सांगितलं नाही, हातातला पाचर बोलला. डब्यात असे दोन-तीन पाचर द्यायला कंपनीला पाच रुपयेसुद्धा लागले नसते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बनवणाऱ्याने जाणून केली असेल तर त्याला सलाम. खुंट्यांना जाडी असते, त्यामुळे रबर मध्यबिंदूवरून न जाता खुंटीच्या बाहेरच्या अंगाने जातं. मला वाटलं कोन चुकणार. पण सगळ्या खुंट्या सारख्या जाडीच्या असतील, तर बाहेरून जाणारी रेघ मध्यबिंदूंच्या रेघेला समांतर राहते, म्हणून कोन तोच येतो. मी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावून बघितलं, खुंट्या खरंच सारख्या जाडीच्या निघाल्या.

व्हर्नियर हातात आल्यावर माणूस गप्प बसत नाही, म्हणून खुंट्यांमधली अंतरंही तपासली. आणि इथे माल घसरला. खुंट्यांचं वर्तुळ २०० मिलीमीटर व्यासाचं आहे, तेव्हा शेजारच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ३४.७३ मिलीमीटर यायला पाहिजे. लाकडी खेळण्याला पॉइंट सातचा हट्ट मी धरणार नाही, अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे चालेल. पण १२ ते १३ मध्ये साडेछत्तीस आणि १३ ते १४ मध्ये तेहतीस! तेरा नंबरची खुंटी सरळ पावणेदोन मिलीमीटर सरकलेली. आमच्याकडे अठरा भाग पाडायचे झाले तर डिव्हायडिंग हेडवर (जॉब मोजून फिरवायचं साधन, हँडलचे चाळीस फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा) चाळीसला अठराने भागायचो: हँडलचे दोन पूर्ण फेरे आणि अठरा भोकांच्या वर्तुळावर चार भोकं. तिथे एक भोक चुकलं तर तो जॉब भंगारात जायचा. इथे तो डब्यात भरून ४९९ ला विकलाय.

यातूनही एक गंमत निघाली. खुंटी सरकल्यामुळे केंद्रापाशी कोन एका अंशाने चुकतो, पण समोरच्या काठावरून बघितलं तर अर्ध्याच अंशाने. ९ ते १३ चा कोन ४ नंबरवरून ४० च्या जागी साडेचाळीस. चूकसुद्धा प्रमेयाप्रमाणे निम्मी होते! नातीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "आबा, तुम्ही ना..." आणि पुढचं वाक्य आजीकडे बघून गिळलं.

दुकानदाराकडे गेलो तर उघडलेला डबा परत घेत नाही म्हणाला. उघडल्याशिवाय खुंटी सरकलेली दिसणार कशी, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. डब्यावरच्या नंबरवर फोन केला, तो वाजत राहतो. शेवटी घरीच दुरुस्ती केली. खुंटी काढली, जुन्या भोकात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोकली, रात्रभर वाळू दिली, घासून सपाट केली. १२ आणि १४ वरून कंपासने कंस मारून जागा काढली, सेंटर पंच मारला आणि हळू हळू ड्रिल उतरवला. एमडीएफ काठाजवळ पापुद्र्यासारखा उकलतो, तेव्हा मागून लाकडाचा तुकडा दाबून धरल्याशिवाय भोक पाडू नका. हे ज्याला जमतं त्याच्यासाठी ठीक. ज्या घरात ड्रिल नाही त्यांनी काय करायचं?

रबरं भिकार. ताणली की तुटतात, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात गॅलरीत राहिली तर चिकट होतात. रविवार कारंज्याजवळ स्टेशनरीच्या ठोक दुकानातून साधी रबरं आणली, पाव किलोची पिशवी, ती वर्षभर पुरतील. रंग नाहीत त्यांना, पण तुटत नाहीत.

स्पर्शिका. दहावीत स्पर्शिकेशिवाय, म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणाऱ्या रेघेशिवाय, वर्तुळ पुरं होत नाही आणि या पाटीवर स्पर्शिका दाखवायची सोयच नाही. खुंट्या काठावर, काठाबाहेर काही नाही, रबर कशाला अडकवणार? कार्डांवर स्पर्शिकेची आकृती छापलेली आहे, ती नुसती बघायची. मी स्टीलची फूटपट्टी वापरतो. शिरोबिंदू १८ वर, एक बाजू ६ ला पक्की. दुसरी बाजू १० ला: कोन ४०. तीच सरकवत १२ ला ६०, १४ ला ८०, १६ ला १००, १७ ला ११०. बाजू आखूड आखूड होत जाते आणि १८ जवळ आली की जीवाच उरत नाही. तिथे पट्टी १८ नंबरच्या खुंटीला टेकवून धरायची, त्रिज्येला काटकोनात. पुढचा आकडा किती, हे पोरं आपोआप बोलतात: १२०. समोरच्या कंसात बारा घरं. स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय म्हणून वेगळं काही घोकायला उरत नाही, अंतर्लिखित कोनाचंच ते शेवटचं स्टेशन. पाटीच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन जादा खुंट्या दिल्या असत्या तर माझी फूटपट्टी वाचली असती.

उत्तरांच्या चोपडीवर मात्र मी खरोखर वैतागलो. ती इंग्रजीत आहे, एवढं चालवून घेतलं असतं. पण आत नुसते आकडे. कार्ड ७: ५०. कार्ड ८: ११०. कारण एकाही उत्तराला नाही. बोर्डाचा भूमितीचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा, आणि त्यात पायरीपुढे कारण लिहावं लागतं. नुसता आकडा बरोबर आला म्हणून पूर्ण गुण मिळत नाहीत. पाटीवर 'चार घरं म्हणून ४०' म्हणायची सवय लागलेलं पोर पेपरातही चार घरंच लिहून येईल. आमच्या घरी मी नियम केला: पाटीवर उत्तर काढा, मग वहीत प्रमेयाचं नाव लिहून तेच उत्तर पुन्हा काढा. नात पहिल्यांदा कुरकुरली, आता लिहिते.

शेवटच्या कार्डांपैकी एक देतो, म्हणजे मी का वैतागलो ते कळेल. एबी हा व्यास. सी हा वर्तुळावरचा बिंदू, ए पाशी केलेला कोन सीएबी २५ अंश. सी मधून काढलेली स्पर्शिका, वाढवलेल्या व्यासाला पी मध्ये मिळते. कोन पी किती? नातीने स्पर्शिका-छेदिका कोनाने काढलं: कोन पीसीबी २५, कोन सीबीए ६५, म्हणून त्याच्या शेजारचा ११५, उरले ४०. शेजारच्या मुलाची मोठी बहीण अकरावीला आहे, तिने केंद्रापासून सी पर्यंत त्रिज्या काढली: केंद्रीय कोन ५०, त्रिज्या आणि स्पर्शिका काटकोनात, उरले ४०. दोन ओळींत संपलं. दोघींनी एकमेकींच्या वह्या बघितल्या, मग कुठली वाट चांगली यावर खूप वेळ हुज्जत घातली. आणि चोपडीत काय? '४०.' एवढ्या सुंदर कोड्याचं एवढंच?

मुद्रणाबद्दल दोन शब्द. पुढच्या कार्डांवरच्या आकृत्या मापात काढलेल्या नाहीत, ६५ चा कोन ५० सारखा दिसतो. काही पालकांना हे खटकेल. मला आवडलं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगवर कोपऱ्यात लिहिलेलं असतं की ड्रॉइंगवरून मोजून माप घेऊ नका, लिहिलेलं माप धरा. भूमितीतही तेच खरं. फक्त मग डब्यात तो प्लास्टिकचा कोनमापक कशाला दिला? तो पहिल्या दिवशीच काढून कपाटात ठेवा.

'हे सगळं मोबाइलवर फुकट होतं की' असं आमचे जावई म्हणाले. खरं आहे. जिओजेब्रा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेलं. त्यात वर्तुळ काढून शिरोबिंदू बोटाने ओढला की कोन तसाच राहतो, ते बघायला सुरेख वाटतं, आणि खुंट्यांची अडचण नसल्याने कुठलाही कोन आणि खरीखुरी स्पर्शिका मिळते. मीही वापरतो. पण तिथे कोनाचा आकडा स्क्रीनवर आपोआप उमटतो. पोरगं आकडा वाचतं आणि पुढे जातं. पाटीवर आकडा नाही, तो पोराला आणावा लागतो. दोन्ही ठेवा, पण आधी पाटी.

'इतकं काय त्या कोड्यांत' असं म्हणणारेही भेटतात. नाशिककरांनी तरी म्हणू नये. आपल्याच देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळेत मास्तर होते, १९६२ पर्यंत शिकवत होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहायचं, की शेवटी ६१७४ वर येऊन थांबतं, हे त्यांनी काढलं, आणि आज जगात त्या आकड्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. (चारही अंक सारखे घेऊ नका, मग शून्य येतं.) त्यालाही कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

कोणी घ्यावा? नववी-दहावीचं मूल घरात असेल आणि शेजारी बसून 'का?' विचारणारं एक मोठं माणूस असेल, तर जरूर घ्या. मोठ्या माणसाला भूमिती यायची गरज नाही, 'का?' एवढं विचारता आलं तरी पुरे. नुसता डबा मुलाच्या हातात देऊन तुम्ही सिरियल बघणार असाल तर पाचशे रुपये वाया, कारण चोपडीतले आकडे बघून पोरं दोन तासांत ४८ कार्डं 'संपवतात'. क्लासवाल्यांनी चार-पाच पाट्या ठेवायला हरकत नाही. सहावी-सातवीच्या मुलांना आत्ताच देऊ नका, रबरं एकमेकांना मारण्यापलीकडे काही होणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर कल्पनेला पाच, कार्डांना चार, सुतारकामाला दोन, चोपडीला एक.

दुकानात घेताना डबा तिथेच उघडायला लावा. कागदाच्या पट्टीवर दोन खुंट्यांमधलं अंतर पेनाने खुणावून घ्या आणि तीच पट्टी काठाने अठरा वेळा फिरवा. एखाद्या ठिकाणी खूण मिलीमीटरभर हुकली तर दुसरा डबा मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. पट्टी नसेल तर खिशातलं सिटीलिंक बसचं तिकीट चालतं.